अंगणातली फरसबंदी: दगड, चुना आणि पाणी

जुन्या घराची दुरुस्ती निघाली की पहिली कुऱ्हाड बहुधा अंगणावर पडते. दगड वर-खाली झालेले असतात, सांध्यांतून हरळी उगवलेली असते, पावसाळ्यात दोन-तीन ठिकाणी डबकी साचतात, म्हाताऱ्या माणसांना ठेच लागते. मग कोणीतरी सुचवते, ‘वरून सिमेंटचा कोबा करून घ्या, कटकटच मिटेल.’ कित्येकदा दगड काढण्याचीही तसदी घेतली जात नाही. फरसबंदीवरच चार बोटे जाडीचा थर ओतला जातो. अंगण सपाट आणि स्वच्छ होते. दोन-तीन पावसाळे गेले की मात्र नवीच तक्रार सुरू होते. अंगणाकडच्या भिंतीला खालून ओल चढू लागते, गिलाव्याला पोपडे धरतात, लोणा फुटतो आणि ओसरीलगतच्या खोलीतले धान्य दमट लागते. घरात कोणी म्हणते कौले गळतात, कोणी म्हणते जमिनीतले पाणी वर आले. अंगणावर सहसा कोणाचा संशय जात नाही.

अंगणाचा आणि भिंतीचा संबंध काय, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात करू या. त्यासाठी देशावरच्या एका शेतघराचे उदाहरण घेऊ. या घराच्या अंगणाची फरसबंदी पूर्ववत करण्याच्या कामात आम्ही काही जण सहभागी होतो. घर जुन्या पद्धतीचे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि मध्ये सुमारे ९ मीटर लांब व ७ मीटर रुंद असे अंगण. अंगणाच्या निम्म्या भागावर काही वर्षांपूर्वी कोबा केलेला होता आणि उरलेल्या निम्म्या भागात मूळचे दगड होते. कोबा असलेल्या बाजूच्या भिंतीवर ओलीची रेघ कमरेपर्यंत पोचली होती. दगड असलेल्या बाजूला ती जोत्याच्या जरा वर थांबली होती. घरातल्यांपुढे प्रश्न होता तो असा: उरलेल्या भागावरही कोबा करून एकदाचे मोकळे व्हायचे, की केलेला कोबा फोडायचा? मातीची भिंत ओली झाली की तिची भार पेलण्याची ताकद झपाट्याने कमी होते. पावसाळ्यात जुन्या मातीच्या भिंती कोसळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता.

दगडाची ओळख

महाराष्ट्राच्या पठारावर घराजवळ जो दगड मिळे तोच अंगणात येई, आणि तो म्हणजे काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा रसाचे एकावर एक थर पसरत गेले. ते थंड होऊन दख्खनचे पठार तयार झाले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. कोकणात व गोव्यात मात्र अंगणाला जांभा दगड सापडतो. शहाबादी फरशी हा आणखी वेगळा प्रकार. ती कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येते आणि ती चुनखडीचा दगड आहे.

सगळा काळा दगड एकसारखा नसतो. लाव्हा थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे तिथला दगड सच्छिद्र असतो. या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरतात. थराच्या मधला भाग घट्ट असतो. फरसबंदीला हवा असतो तो हा घट्ट दगड. तो ओळखण्याची पाथरवटाची पद्धत साधी आहे. दगडावर हातोडी मारायची. खणखणीत नाद आला तर दगड एकसंध. बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड कुजलेला आहे. ध्वनीच्या लहरी भेगेपाशी परावर्तित होतात आणि त्यांची ऊर्जा तिथेच खर्ची पडते, म्हणून नाद टिकत नाही. मडके घेताना टिचकी मारून पाहतो तोच हा प्रकार.

दुसरी परीक्षा पाण्याची. दगडाचा तुकडा उन्हात खडखडीत वाळवून त्याचे वजन करावे, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा, पृष्ठभाग पुसून पुन्हा वजन करावे. वजनातली वाढ म्हणजे दगडाने प्यालेले पाणी. घट्ट काळ्या दगडात ही वाढ अगदी थोडी येते, जांभ्यात पुष्कळ येते. तिसरी परीक्षा रसायनाची. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब शहाबादी फरशीवर टाकला की ती फसफसते, घट्ट काळा पाषाण फसफसत नाही. जुन्या शहाबादी फरशीवर आम्लाने सफाई का करू नये, याचे उत्तरही या थेंबातच आहे.

फरसबंदीतला जुना दगड उचलून पाहिला की घडवणाऱ्याची हुशारी लक्षात येते. वरची बाजू टाकीने घडवलेली, कडा सरळ. खालची बाजू मात्र ओबडधोबड आणि खाली निमुळती होत गेलेली. त्यामुळे दगड खालच्या थरात घट्ट बसतो आणि दोन दगडांमध्ये वर अरुंद व खाली रुंद अशी जागा राहते. सांध्यातला चुना या जागेत पाचरीसारखा अडकतो. वरच्या बाजूवरचे टाकीचे घावही शोभेपुरते नसतात. ओल्या पृष्ठभागावर पाय घसरतो, कारण पाण्याचा पातळ थर तळवा आणि फरशी यांच्यामध्ये येतो. खडबडीत पृष्ठभागावर हे पाणी खळग्यांत जाते आणि उंचवट्यांवर पाय टेकतो. चकचकीत फरशीला ही सोय नाही. ज्या घरात म्हातारी माणसे पहाटे न्हाणीकडे जातात, तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको.

दगडाखालचे थर

अंगण म्हणजे नुसते दगड नव्हेत. चांगल्या फरसबंदीत वरून खाली असे थर सापडतात: १० ते १५ सेंटिमीटर जाडीचा दगड, त्याखाली वाळू व चुन्याची पातळ बिछायत, त्याखाली धुम्मसाने ठोकलेला मुरूम आणि शेवटी मूळ जमीन. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला काळा दगडच. तो ठोकला की घट्ट बसतो, आणि तरीही त्यातून पाणी झिरपू शकते.

काळी माती थेट दगडाखाली असेल तर मात्र अंगण टिकत नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजे असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ही उलथापालथ दरवर्षी झाली की वरचे दगड डुगडुगू लागतात. आमच्या अंगणात जिथे दगड सर्वांत जास्त खचले होते, तिथे मुरमाचा थर जेमतेम चार बोटे होता आणि खाली काळी माती लागली. बाकी ठिकाणी तो हातभर खोल होता. थोडक्यात, दगड खचले म्हणजे फरसबंदीची पद्धतच वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पाया तपासायला हवा.

पाणी कुठे जाते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अंगणाचे क्षेत्रफळ ९ × ७ म्हणजे ६३ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ६३ × ०.०२५ = १.५७५ घनमीटर, म्हणजे सुमारे १५७५ लिटर पाणी जमा होते. शिवाय ओसरीच्या पागोळ्यांचे पाणीही तिथेच येते. यातले बहुतेक पाणी उतारावरून वाहून मोरीवाटे बाहेर जायला हवे. दर ६० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असा उतार धरला, तर ७ मीटर रुंदीत सुमारे १२ सेंटिमीटरचा फरक येतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण पाण्याला तो पुरतो.

उरलेले पाणी सांध्यांतून खाली झिरपते. फरसबंदीत सांध्यांचा वाटा किती असतो? दगड सरासरी ४५ × ३० सेंटिमीटर आणि सांधा १.२ सेंटिमीटर धरू. एका दगडाचा सांध्यासह आकार ४६.२ × ३१.२ म्हणजे सुमारे १४४१ चौरस सेंटिमीटर होतो. त्यातला दगड १३५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ६ टक्के जागा सांध्यांची. संपूर्ण अंगणात ही जागा जवळजवळ ४ चौरस मीटर भरते! एवढी मोठी खिडकी जमिनीला मिळालेली असते. पावसाळ्यात तिच्यातून थोडे पाणी आत जाते आणि पाऊस उघडला की वाफेच्या रूपाने बाहेर पडते.

कोबा केला की ही खिडकी बंद होते. मग खाली पाणी येतेच कुठून, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. ते बाजूने येते. परसातून, गोठ्याकडून, घराच्या मागच्या उंच जमिनीतून पाणी मातीत सरकत असते. शिवाय कोब्याला बारीक तडे जातात आणि त्यांतूनही ते शिरते. आत जाण्याचे मार्ग राहतात, बाहेर पडण्याचा मार्ग तेवढा बुजतो. अशा वेळी पाण्याला वर येण्यासाठी सर्वांत जवळची उघडी जागा म्हणजे भिंत.

भिंतीत पाणी चढते ते केशाकर्षणाने. नळी जितकी बारीक तितके पाणी उंच चढते. नळीची त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढते, ०.०१ मिलिमीटर असेल तर सुमारे दीड मीटर. मातीच्या भिंतीतली छिद्रे याहूनही बारीक असू शकतात. मग पाणी छतापर्यंत का जात नाही? कारण वर चढता चढता ते भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जात असते. खालून येणारे पाणी आणि वर उडून जाणारे पाणी जिथे समसमान होते, तिथे ओलीची रेघ थांबते. अंगणातून होणारे बाष्पीभवन बंद केले की भिंतीकडे जाणारे पाणी वाढते, आणि तेवढे उडून जायला भिंतीचा अधिक भाग लागतो. म्हणून रेघ वर सरकते.

पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि गिलाव्याच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात. या वाढत्या स्फटिकांचा दाब गिलाव्याचे पोपडे सोडवतो. भिंतीवर दिसणारा पांढरा लोणा हाच. गोठ्याजवळच्या भिंतींना तो अधिक लागतो, कारण शेण-मूत्रातल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांपासून जिवाणू नायट्रेटे तयार करतात. जुन्या काळी अशाच मातीतून सोरा मिळवत असत.

अर्थात प्रत्येक ओल्या भिंतीला अंगण जबाबदार नसते. फुटलेले कौल, तुंबलेली मोरी, भिंतीशी साठवलेला उकिरडा ही कारणे आधी तपासावीत. आमच्या उदाहरणात कोब्याचा उतारही थोडा भिंतीकडेच झुकलेला होता. निदान करताना एकाच कारणावर बोट ठेवून थांबू नये, हा धडा विज्ञानाच्या तासालाही उपयोगी आहे.

सिमेंट की चुना?

ओतीव कोबा आणि चुन्याचे सांधे यांत दुसरा फरक आहे तो तापमानाशी जुळवून घेण्याचा. हिवाळ्यातल्या पहाटे दगड १० अंश सेल्सिअसला असेल, तर चैत्रातल्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ५५ अंशांपर्यंत तापू शकतो. काळ्या दगडाचे प्रसरण दर अंशाला एका मीटरमागे सुमारे ७ मायक्रोमीटर, काँक्रीटचे सुमारे १०. म्हणजे ४५ अंशांच्या फरकाने ९ मीटर लांबीचा दगड जवळजवळ २.८ मिलिमीटर वाढेल आणि तेवढाच कोबा ४ मिलिमीटर. फरसबंदीत हे २.८ मिलिमीटर सुमारे वीस सांध्यांत वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला ०.१४ मिलिमीटर येते. मऊ चुन्याचा सांधा एवढे सहज सोसतो. सांधेच नसलेल्या कोब्याला मात्र कुठेतरी तडकावे लागते.

सिमेंट हे वाईट द्रव्य आहे असा याचा अर्थ नाही. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि त्यानंतरच्या सुधारणांनी धरणे, पूल, बोगदे शक्य झाले. पण जिथे ताकदीपेक्षा थोडी लवचीकता आणि वाफ जाऊ देण्याचा गुण हवा, तिथे चुना सरस ठरतो. दगडी कामातला एक जुना नियम आहे: सांधा दगडापेक्षा मऊ हवा. म्हणजे काही बिघडले तर सांधा बिघडेल आणि तो पुन्हा भरता येईल. शहाबादी किंवा जांभ्यासारख्या मऊ दगडात सिमेंट भरले तर दगडाच्याच कडा तुटतात. काळ्या दगडात सिमेंट कडेपासून सुटते आणि केसाएवढी फट राहते. तिच्यातून पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते, पण वाफ होऊन बाहेर यायला त्याला पुरेशी वाट मिळत नाही. शिवाय सिमेंटने पक्का चिकटलेला दगड पुन्हा उचलायचा तर तो बहुधा फुटतो.

चुन्याचे चक्र

चुन्याचे रसायन नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना गणितासह शिकवता येते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू निघून जातो. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वजने करून दाखवले होते की चुनखडी भाजताना जी घट येते ती तिच्यात बांधलेल्या वायूमुळे. कार्बन डायऑक्साइडची ओळख पटण्यातला हा महत्त्वाचा टप्पा होता.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसून गरम होतो आणि विरतो. ५६ किलो चुना १८ किलो पाणी घेऊन ७४ किलो विरलेला चुना होतो. या क्रियेत एवढी उष्णता निघते की पाणी उकळू शकते. म्हणून हे काम मुलांच्या हाती देऊ नये आणि मोठ्यांनीही डोळ्यांना चष्मा लावूनच करावे. विरलेला चुना सांध्यात भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. ७४ किलो चुना ४४ किलो वायू घेतो, १८ किलो पाणी सोडतो आणि पुन्हा १०० किलो चुनखडी तयार होते. दगडापासून निघालो आणि दगडापाशीच परत आलो!

हे परतणे फार सावकाश असते. वायूला बाहेरून आत शिरावे लागते. त्यासाठी सांधा ओलसर हवा, पण पाण्याने गच्च भरलेला नको. म्हणूनच नुसता चुना अंगणात पुरा पडत नाही. पावसाच्या माऱ्यात तो वाहून जातो. यावर आपल्या गवंड्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सुर्खी, अर्थात विटांची भुकटी. मध्यम भाजलेल्या विटेतली सिलिका व अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यातही घट्ट होणारी संयुगे बनतात. रोमन लोक याच कामासाठी नेपल्सजवळच्या पोझ्झुओली इथली ज्वालामुखीची राख वापरत. एडिस्टनच्या दीपगृहासाठी प्रयोग करताना जॉन स्मीटन या इंग्लिश अभियंत्याला १७५६ च्या सुमारास आढळले की ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो. आपल्याकडे काळ्या जमिनीत व ओढ्याकाठी चुनखडीचे जे मळकट खडे सापडतात, त्यांतही मातीचा अंश असतो. त्यांचा चुना याच जातीचा. देशावर चुनखडीच्या दगडाच्या खाणी विरळ, पण हे खडे गावोगाव मिळत. अनेक किल्ल्यांवर आजही चुन्याच्या घाणीचा वर्तुळाकार चर आणि त्यातले दगडी चाक पाहायला मिळते. या घाणीत चुना व वाळू एकजीव मळली जात असे.

चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याची पद्धत सर्वांनी ऐकलेली असते. गुळाबाबत एक गोष्ट प्रयोगाने दाखवता येते. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा अधिक विरघळतो. मात्र प्रमाण जास्त झाले तर चुना घट्ट व्हायला वेळ लागतो. तेव्हा ‘जुने ते सगळे घालावे’ असे न करता आधी लहान नमुना करून पाहावा.

प्रत्यक्ष काम

अंगणाचे काम पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात काढणे सोयीचे. जमीन पाण्याने भरलेली नसते आणि ऊनही चुना तडकवण्याइतके कडक नसते. आम्ही पुढील क्रमाने गेलो.

पहिली पायरी नोंदीची. अंगणावर दोऱ्यांची एक-एक मीटरची चौकट आखली, प्रत्येक दगडाला क्रमांक दिला, नकाशा काढला आणि छायाचित्रे घेतली. हे काम गावातल्या शाळकरी मुलांनी हौसेने केले. जुनी फरसबंदी म्हणजे शेकडो तुकड्यांचे कोडे असते. दगड एकदा मिसळले की ते पुन्हा जुळत नाहीत.

दुसरी पायरी दगड उचलण्याची. ४५ × ३० × १२ सेंटिमीटरचा दगड १६,२०० घनसेंटिमीटर भरतो. घनता २.९ धरली तर वजन सुमारे ४७ किलो. दीड मीटर लांबीची पहार टोकापासून १० सेंटिमीटरवर टेकवली तर तरफेचा लाभ १४ पट मिळतो. पण सगळे बळ पहारीच्या टोकाशी एकवटते आणि दगडाची कड फुटते. म्हणून टोकाशी व टेकूशी लाकडाचा ठोकळा ठेवावा. कोब्याखालचे दगड मोकळे करताना छिन्नी-हातोडी वापरली, घण नाही. तरीही काही दगड फुटले. ते टाकून न देता त्यांच्या चिपा करून कडेला वापरल्या.

तिसरी पायरी पायाची. काळी माती जिथे होती तिथे ती हातभर खोल काढून तिथे मुरूम भरला. तो एकदम न भरता चार-चार बोटांचे थर टाकून, पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकला. जाड थराच्या वरवरचाच भाग ठोकला जातो आणि तळ पोकळ राहतो.

चौथी पायरी उताराची. पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ केली. जोडलेल्या नळीत पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखी राहते, या एका तत्त्वावर सगळ्या अंगणाचे उतार ठरले. उतार भिंतीपासून दूर, मोरीकडे आणि अंगणाची पातळी जोत्याच्या वरच्या कडेपासून बरीच खाली, हे दोन नियम कटाक्षाने पाळले.

पाचवी पायरी दगड बसवण्याची. वाळू-चुन्याच्या बिछायतीवर दगड ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा. भरीव आवाज आला तर तो सगळीकडे टेकला. पोकळ आला तर उचलून पुन्हा बसवायचा. शेजारच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. मग दर्जा भरायच्या. आम्ही एक भाग चुना, एक भाग सुर्खी व दोन भाग चाळलेली वाळू असे मिश्रण वापरले आणि थापीने दाबून, दगडाच्या कडेच्या किंचित खाली ठेवले. त्यावर ओली पोती टाकून दोन आठवडे ओलावा टिकवला.

कमी पडलेले दगड पडक्या गोठ्यातून मिळाले. त्यांच्या खालच्या बाजूला टाकीने साल कोरून ठेवले. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की नव्याने बसवलेला भाग मूळ भागाशी जुळावा, पण ओळखूही यावा. खेड्यातल्या अंगणाला ही सनद लागू नाही, पण पुढच्या दुरुस्तीला जो कोणी हा दगड उचलेल त्याची सोय झाली. उंबरठ्यासमोरचे पावलांनी झिजलेले दगड मात्र होते तसेच पुन्हा बसवले. ते उलटे करून नवी बाजू वर आणण्याची सूचना घरातल्या वडीलधाऱ्यांनीच मोडून काढली.

खरी अडचण दगडाची नव्हती, हातांची होती. चुना विरवून, मळून दर्जा भरणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. इथे जे गवंडी होते त्यांनी हे काम वडिलांच्या हाताखाली केलेले होते. त्यांच्या मुलाला सिमेंटचेच काम माहीत होते. पहिले काही दिवस तो चुन्याला ‘हे कधी घट्ट होणार?’ असे विचारत होता. शेवटच्या आठवड्यात थापी त्याच्या हातात होती आणि वडील ओट्यावर बसून सांगत होते. फरसबंदी टिकणे आणि ती करणारा हात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

भिंतीवर ओलीची रेघ दर महिन्याला पेन्सिलीने खूण करून, तारीख लिहून नोंदवली. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक दिसला नाही, कारण जाड मातीची भिंत सावकाशच वाळते. दुसऱ्या उन्हाळ्यात रेघ वीतभर खाली आली आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा वर चढली नाही. उतार, मोरी व सांधे ही तिन्ही कामे एकदमच झाल्यामुळे श्रेय तिघांत वाटून द्यावे लागेल.

शाळेत करता येतील असे प्रयोग

१. ताटात ओली वाळू घेऊन त्यात विटेचे दोन सारखे तुकडे उभे रोवा. एका ताटातली वाळू उघडी ठेवा, दुसऱ्यातली प्लॅस्टिकच्या कागदाने विटेपर्यंत झाका. दोन्ही विटांवर ओल किती उंच चढते ते रोज मोजा. पाण्यात थोडे मीठ घातले तर काही दिवसांनी लोणाही पाहायला मिळेल.

२. चाळून वाळवलेली काळी माती व मुरमाची बारीक भुकटी प्रत्येकी १० ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या, पाणी भरून ढवळा आणि २४ तासांनी तळाशी बसलेल्या थराचे आकारमान वाचा. कोणती किती फुगली?

३. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घाला. निवळी दुधाळ होते. सांध्यातला चुना घट्ट होताना जे घडते तेच इथे घडते. निवळी तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या.

४. गावातल्या देवळाचे प्रांगण, नदीचा घाट, जुना वाडा यांपैकी एका जागेचा नकाशा काढा. दगड कोणता, सांधा कशाचा, उतार कुठे, पाणी कुठे साचते आणि लगतच्या भिंतीवर ओल किती उंच आहे, याची नोंद करा. जिथे अलीकडे कोबा झाला आहे आणि जिथे झालेला नाही, अशा दोन जागांची तुलना करता आली तर उत्तमच.

रोमजवळच्या अ‍ॅपियन मार्गाची सुरुवात इ.स.पू. ३१२ मध्ये झाली, आणि त्यावरचे लाव्हा खडकाचे दगड आजही काही ठिकाणी पायाखाली येतात. आपल्या गावातल्या फरसबंदीचा दगड त्याच कुळातला आहे. तो झिजायला शतके लागतात. सांधे मात्र दर पिढीला तपासावे लागतात आणि मोरी दर पावसाळ्याआधी साफ करावी लागते. एवढी देखभाल होत राहिली तर अंगण आपले काम करत राहते, आणि भिंतही.